साक्रीच्या उन्हावरचं कर्ज

फ्रँकफर्टमध्ये पाल्मेनगार्टन नावाची जुनी वनस्पतीबाग आहे. तिच्या शेजारी केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी बँकेचं मुख्यालय आहे. कामावर जाताना मी त्या इमारतींसमोरून जाते. माझं माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ पासून महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, आणि त्यासाठी २५ कोटी युरोंचं कर्ज याच बँकेने दिलं. परक्या शहरात आपल्या तालुक्याचा असा धागा सापडला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मी लगेच गावी फोन करून नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे चुलते, कांदा आणि कापूस करणारे.

ते अहिराणीत म्हणाले, "तुना जर्मनीना पैसा फुकट शे का?"

फुकट नाही, हे मी तेव्हाच कबूल केलं. पण या प्रश्नाचं पूर्ण उत्तर शोधण्यात माझी काही वर्षं गेली, कारण दोन्हीकडे त्याबद्दल जे बोललं जातं ते अर्धंच असतं.

इकडचं अर्धं असं. जानेवारी २०२४ मध्ये इथले शेतकरी डिझेलवरची सवलत काढल्याबद्दल ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. त्या दिवसांत एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं: आपले शेतकरी उपाशी आणि सरकार पेरू देशातल्या सायकलमार्गांना पैसे देतंय. त्यासाठी जो आकडा फिरत होता, त्यात परत यायची कर्जंही मिसळलेली होती. पण तेवढं कोण बघतं? माझ्या कामावरच्या एका सहकारिणीने मला सरळ विचारलं, "तुम्ही चंद्रावर उतरता, मग आमचा कर तुम्हाला कशाला?" मी तिला सांगितलं की साक्रीला गेलेले पैसे व्याजासकट परत येणार आहेत. शिवाय अशा कर्जाचा मोठा भाग बँक बाजारात रोखे विकून उभारते, तुझ्या पगारातून तो कापला जात नाही. तिला हे माहीत नव्हतं. तिच्या सरकारने ते तिला नीट सांगितलेलंही नव्हतं, कारण 'मदत' हा शब्द राजकारण्यांना आवडतो.

तिकडचं अर्धं गावच्या ग्रुपवर वाचायला मिळतं. प्रदूषण गोऱ्यांनी केलं, भरपाई त्यांनीच द्यावी, आम्हाला शिकवू नये. यात न्याय आहे, आणि मी तो इथल्या प्रत्येक चर्चेत मांडते. माणशी हिशेब केला तर जर्मन माणूस भारतीयाच्या तिपटीहून जास्त कार्बन सोडतो. कोपनहेगनच्या हवामान परिषदेत २००९ साली श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या हवामानविषयक कामांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द दिला आणि तो पाळला गेला २०२२ मध्ये. त्या वर्षीच्या सरकारी निधीतला जवळपास ७० टक्के भाग कर्जाचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. विकसनशील देशांनी मागितले होते १,३०० अब्ज. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच त्या दस्तऐवजाला दृष्टिभ्रम म्हटलं, आणि ते वाचताना मला त्यांचा अभिमान वाटला.

पण राग 'पैसे द्या' एवढ्यावरच थांबला तर कोणत्या कामाला कसले पैसे हवेत, हे विचारायचं राहून जातं. माझं म्हणणं नेमकं इथे आहे.

सौर प्रकल्प वीज विकतो. विकलेल्या विजेतून हप्ता फेडता येतो. त्यामुळे तिथे स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज गैर नाही. फक्त एक गोष्ट नीट बोलली जावी. कर्ज युरोत आहे आणि वीज रुपयात विकली जाते. २०११ च्या आसपास युरो ६०-६५ रुपयांना होता, आज तो शंभरीपार गेला आहे. व्याजदर कागदावर कितीही कमी दिसला तरी हा फरक शेवटी आपल्याच बाजूला कुणीतरी भरतो. मे २०२२ मध्ये बर्लिनमध्ये भारत आणि जर्मनीचा हरित भागीदारीचा करार झाला. जर्मनीने २०३० पर्यंत किमान १० अब्ज युरो देण्याचं कबूल केलं, तेव्हा दोन्हीकडच्या बातम्यांत मोठे मथळे आले. त्यातलाही मोठा वाटा कर्जाचाच आहे. रुपया घसरला तर तोटा कोणी किती सोसायचा, हे त्या मथळ्यांच्या खाली मला कुठे वाचायला मिळालं नाही. जर्मनी हा धोका अर्धा तरी उचलू शकते, तिला ते परवडतं.

पण दरड कोसळून गाव गेलं, तर त्या गावाने काय विकून हप्ता भरायचा?

जुलै २०२१ मी विसरू शकत नाही. १४ तारखेच्या रात्री इथून दीड-दोन तासांवरच्या आर नदीच्या खोऱ्यात पूर आला. जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली. आमच्या सोसायटीने कपडे, फावडी, पंप गोळा केले. मीही एका शनिवारी चिखल उपसायला गेले होते. भिंतींवर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्याची रेघ होती. आठवडाभरातच, २२ जुलैला, चिपळूण बुडालं आणि महाडजवळच्या तळीये गावावर डोंगर आला. तिथे ८० हून अधिक माणसं गाडली गेली.

त्यानंतर जर्मन सरकार आणि राज्यांनी मिळून पुनर्बांधणीसाठी ३० अब्ज युरोंचा निधी उभारला. त्यात उशीर झाला, अर्जांचे ढीग साचले, लोक चिडले, पण ज्यांची घरं गेली त्यांना मिळालेलं हे अनुदान होतं. तळीयेच्या कित्येक कुटुंबांनी पावसाळे कंटेनरमध्ये काढले. हवामानामुळे झालेल्या हानीसाठी जगाने जो निधी सुरू केला, त्यात २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जर्मनीने १० कोटी डॉलर जाहीर केले. साऱ्या जगातल्या तळीयेंसाठी मिळून एवढे. हे वाचून मला इथल्या लोकांचा राग आला नाही. चिखलात माझ्या शेजारी फावडं मारणारी माणसं मी पाहिली आहेत. जर्मनीने हवामानासाठी सरकारी तिजोरीतून २०२४ मध्ये सुमारे ६ अब्ज युरो बाहेर दिले, हेही खरं. पण वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

म्हणून आपण मागायचं ते यासाठी. नद्यांचे पूर-इशारे, दरडप्रवण गावांचं वेळेवर पुनर्वसन, पाणलोटाची कामं. यातून कुणाला वीजबिल पाठवता येत नाही, म्हणून बँकांना यात रस नसतो. २०२२ मध्ये प्रत्यक्षात उभ्या राहिलेल्या ११६ अब्ज डॉलरपैकी अशा कामांच्या वाट्याला ३२ अब्जच आले. बाकूत भारताने आकड्यावर जितका आवाज चढवला तितकाच या वाटणीवर चढवावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा. २०१८ च्या जानेवारीत आमच्याच जिल्ह्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांनी मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांत ते गेले. वय ८४. त्यांची जमीन वीज प्रकल्पासाठी गेली होती आणि मोबदल्यासाठी ते खेटे घालत होते. तो प्रकल्प साक्रीचा नव्हे, वेगळा. जमीन घेणारं आणि भाव ठरवणारं सरकार आपलंच होतं. हरित म्हणून पैसा येतो तेव्हा ती जमीन कोणाची होती आणि त्याला काय मिळालं, हे विचारायचा हक्क जर्मन करदात्याच्या आधी आपला आहे. गावच्या ग्रुपवर गोऱ्यांना शिव्या देणाऱ्यांपैकी कोणी हे विचारत नाही, याचं मला दुःख आहे.

या महिन्यात मी बँकेच्या संकेतस्थळावरची भारतातल्या प्रकल्पांची माहिती मराठीत उतरवून नानांना पाठवायला घेतली आहे. पहिली चार पानं त्यांनी नातवाकडून वाचून घेतली. रात्री फोन आला. कर्जाचं कळलं, म्हणाले, पण आमच्या विहिरीवरच्या मोटारीला दिवसा वीज कधी, ते कोणत्या पानावर आहे? तसं पान त्यात नाही. मी त्यांना सांगितलं, पुढचं पत्र बँकेला लिहिताना हा प्रश्न सगळ्यात वर घालते.