पहाटे चारचा ऑक्सिजन आणि माकडांची केळी

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय: रविवारी पहाटे चारला येऊर गाठा, तेव्हा जंगलात ऑक्सिजन सर्वांत जास्त असतो, बागेत, तलावाकाठी फिरणं म्हणजे वेळ वाया, माकडांना केळी न्या, पुण्य लागेल, सालं तिथंच टाका, खत होतं. निसर्गात जावं, एवढं त्यातलं खरं. बाकीचं तपासू.

आधी ऑक्सिजन. झाडं तो बनवतात उजेडात. रात्री तीही आपल्यासारखीच कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. म्हणजे पहाटे चारला कारखाना बंद! अर्थात भर दुपारी गेलात तरी हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्केच, जंगलात काय नि नौपाड्यात काय. फरक असतो तो धुळीचा आणि धुराचा. त्यातही हिवाळ्यातली पहाट वाईटच. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार. मग घोडबंदर रोडवरच्या ट्रकांचा धूर खालीच कोंडतो आणि ऊन चढल्यावर पांगतो. दम्याच्या माणसाला पहाटे चारला उठवून बाहेर काढणं म्हणजे कमालच. शिवाय येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. काळोखातली वेळ बिबट्याची. त्या वेळी आपण तिथं घुसायचं आणि वर ‘बिबट्या दिसला’ म्हणून बोंब मारायची?

तलावाकाठी फिरणं वाया? इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांची एक पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला निदान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांत ‘तब्येत चांगली आहे, बरं वाटतं’ असं सांगणारे जास्त निघाले. ते दोन तास एका दमात घालवले की थोडे थोडे करून, याने फरक पडला नाही, आणि शहरातली उद्यानंही त्यात धरली होती. आता, मुळात धडधाकट माणूसच जास्त फिरत असेल, ही शंका रास्त आहे. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. पण कचराळी तलावाला रोज वीस मिनिटं चक्कर मारणाऱ्या आजींना ‘वेळ वाया’ म्हणायला संदेशवाल्यांकडे तेवढाही आधार नाही.

माकडांचं थोडक्यात. माणसाच्या हातून खायची सवय लागली की ती पिशव्या ओढतात, चावतात, रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात. खाडीकाठी कुरवांना, म्हणजे सीगल पक्ष्यांना, शेव-गाठी उधळणाऱ्यांनाही हेच सांगणं: तळलेलं, खारट खाणं आपल्यालाच डॉक्टर बंद करायला सांगतात.

सालं कुजतात, हो, पण त्याला कित्येक आठवडे लागतात. आणि नुसती सालं कुठं पडतात? सोबत उरलेला वडापाव, कागद, पिशव्या. त्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. आपण दुपारी घरी येऊन झोपतो. येऊरच्या पाड्यांतल्या मुलांना मात्र संध्याकाळी त्याच वाटेनं घरी जायचं असतं. सालं परत आणायला एक पिशवी लागते. केळी ज्या पिशवीतून नेली, तीच चालते.