टेप अपलोड झाली म्हणजे संग्रह खुला झाला, असं नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मौखिक इतिहासाच्या, म्हणजे लोकांनी मुलाखतींत सांगितलेल्या आठवणींच्या, जुन्या कॅसेटी धूळ खात पडल्या आहेत. त्या आठवड्याभरात संगणकावर चढवता येतात. शब्दांकन, म्हणजे ध्वनिमुद्रित बोलणं लिहून काढणं, आता यंत्र करतं. तीन-तीन तास ऐकायला कोणाला वेळ नाही, म्हणून सारांश द्यावेत. बोलणाऱ्यांनी होकार देऊनच मुलाखत दिली होती, तेव्हा परवानगीचा प्रश्न उरत नाही. फाइल झाली की टेप टाकून द्यावी. ग्रंथपाल उगाच अडून बसलेत, आपल्याकडे काय आहे हेसुद्धा सांगत नाहीत.

या मजकुरामागचा राग मला पटतो आणि त्यातली एक तक्रार तर पूर्ण खरी आहे. पण सुचवलेले उपाय जसेच्या तसे केले, तर ज्यांचे आवाज वाचवायचे त्यांचंच नुकसान होईल.

आधी आठवड्याचा हिशेब. नीट काम करायचं तर टेप तिच्या मूळ वेगानेच वाजवावी लागते. समजा, ९० मिनिटांच्या ५०० कॅसेटी आहेत. म्हणजे ७५० तास नुसतं वाजवणं. रोज ६ तास एक यंत्र चाललं तरी १२५ दिवस. एकाच वेळी तीन-चार यंत्रं लावता येतात, पण प्रत्येक टेपकडे लक्ष द्यावंच लागतं. यंत्राच्या हेडचा, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन त्या टेपशी जुळलेला नसेल तर आवाजातला वरचा भाग हरवतो, ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात, आणि आधीच क्षीण असलेला म्हातारा आवाज आणखी कळेनासा होतो. स्पूल टेपांचं दुखणं वेगळं. १९७० आणि १९८०च्या दशकांतल्या काही टेपांवरचा चुंबकी थर धरून ठेवणारं द्रव्य हवेतला ओलावा शोषून चिकट होतं. अशी टेप तशीच यंत्रावर चढवली तर थर खरवडून निघतो, आणि त्यासोबत बोलणंही. तिला आधी मंद उष्णतेत काही तास ठेवावं लागतं. उलट, त्याहून जुन्या, ॲसिटेट या प्लास्टिकच्या टेपांना हाच उपचार घातक ठरतो. कोणती टेप कोणत्या जातीची हे ओळखणारा माणूस लागतो, आणि तो आठवड्याच्या हिशेबात कुठेच नाही.

घाई नको, असं मात्र मी म्हणत नाही. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून २०१९ मध्येच इशारा दिला होता की टेप वाजवणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग २०२५च्या आसपास मिळेनासे होतील. काम तातडीचं आहे, म्हणूनच ते दोनदा करायची वेळ येऊ नये.

‘शब्दांकन यंत्र करतं.’ करतं, आणि पहिल्या खर्ड्यासाठी ते जरूर वापरावं. पण ‘व्हिस्पर’ या बहुचर्चित प्रणालीवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनितुकड्यांत कोणीही न बोललेली वाक्यं आढळली. बोलण्यात लांब विराम असतील तिथे हा धोका वाढतो, असंही त्यात दिसलं. १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण जुन्या मुलाखतीत लांब विराम नेमके कुठे येतात? मेलेल्या मुलाचं नाव घेण्याआधी. दंगलीच्या रात्रीबद्दल बोलताना. त्या शांततेत यंत्राने एक वाक्य घुसडलं आणि कोणी ते ऐकून तपासलं नाही, तर उद्या ते मुलाखत देणाऱ्या बाईच्या तोंडचं वाक्य म्हणून प्रबंधात छापलं जाईल. ती दुरुस्ती करायला हयात नसेल. बोलीभाषा, गावांची नावं, धंद्यातले खास शब्द यांचे घोटाळे आणखी वेगळे.

‘तीन तास कोण ऐकणार, सारांश द्या.’ इथे मला इटलीतल्या तेर्नी या पोलादनगरीची आठवण होते. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार तिथे १९४९ मध्ये, नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. अनेक वर्षांनी मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कित्येकांनी हा मृत्यू १९५३च्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. सारांश करणाऱ्याने साल ‘दुरुस्त’ केलं असतं आणि विषय संपला असता. पोर्तेल्लींनी चूक तशीच ठेवली आणि विचारलं, इतक्या जणांना तीच चूक का आठवते? नोकऱ्या गेल्याची जखम त्या मृत्यूला चिकटली होती. हे सारांशातून कधीच हाती लागलं नसतं.

तीन तास ऐकणं जड आहे हे मात्र खरं, आणि त्यावर तोडगाही आहे. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या ‘लुई बी. नन मौखिक इतिहास केंद्रा’ने ‘ओएचएमएस’ हे मुक्त सॉफ्टवेअर तयार केलं. त्यात कोणत्या मिनिटाला कोणता विषय सुरू होतो याची सूची मुलाखतीला जोडतात. वाचक ‘संप’ हा शब्द शोधतो, त्यावर टिचकी मारतो आणि थेट त्या क्षणाचा आवाज ऐकतो. पूर्ण शब्दांकन नसलं तरी चालतं. वाचकाला आवाजापर्यंत नेणं हेच सूचीचं काम.

आता होकाराचा मुद्दा, जो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. १९७५ साली ‘संशोधनासाठी वापर करावा’ अशा कागदावर सही करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाचनालयात बसून ऐकणारा एखादा विद्यार्थी होता. आपलं बोलणं शेजाऱ्याच्या नातवाच्या खिशातल्या फोनवर वाजेल, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. शिवाय त्या मुलाखतीत शेजाऱ्याचं नाव असतं, त्याच्या घरातलं भांडण असतं. त्या शेजाऱ्याला कोणी विचारलेलंच नाही. दिलेला शब्द ढिला असला तर काय होतं हे अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या प्रकरणात दिसलं. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांनी २००१ पासून तिथे मुलाखती दिल्या, त्या आपल्या हयातीत गुप्त राहतील या भरवशावर. २०११ मध्ये ब्रिटिश तपासासाठी अमेरिकी न्यायालयामार्फत समन्स निघालं आणि काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या.

पण म्हणून सगळंच कुलूपबंद ठेवायचं, हेही चूक. मधल्या पायऱ्या आहेत: बोलणाऱ्याचा किंवा वारसांचा शोध घ्यायचा, नाजूक भाग काही वर्षं बंद ठेवायचा, काही मुलाखती फक्त वाचनालयात ऐकू द्यायच्या, आणि कोणी हरकत घेतली तर काय करणार हे आधीच लिहून जाहीर करायचं.

टेप टाकून देण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. इतिहासकार ॲलन नेविन्स यांनी १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात सुरू केलेल्या मौखिक इतिहासाच्या उपक्रमात सुरुवातीच्या काळात टंकलिखित प्रत तयार झाली की टेप पुसून पुन्हा वापरत. कागद उरला, आवाज गेला. तेव्हाही प्रत पुरेशीच वाटली होती.

राहिली ती खरी तक्रार: अनेक ग्रंथालयं आपल्याकडे काय आहे हेसुद्धा सांगत नाहीत. याला ना टेपची जात आडवी येते, ना संमतीपत्र. कोणत्या विषयावर, कोणत्या साली, किती तासांच्या मुलाखती आहेत आणि त्यांतल्या कोणत्या आज ऐकता येतात, एवढी यादी एकही कॅसेट न वाजवता लावता येते. नावं देणं अडचणीचं असेल तिथे ती गाळावीत. आपले आजोबा त्या संग्रहात बोलले आहेत का, असं विचारत येणाऱ्या माणसाला आज दारातूनच परतावं लागतं. विद्यापीठाकडे काही मागायचंच असेल, तर ही यादी मागा.