खालचा माणूस वजनात नाही

गाडीखाली झोपलेल्या माणसाचे फक्त पाय बाहेर दिसतात, आणि नुसत्या पायांना आपल्याकडे कुणी विचारत नाही. गेल्या रविवारी माझ्या पिकअपचा सौदा माझ्या डोक्यावर उभं राहून झाला. किलोवर.

गाडी 2006 सालची. चादरी-टॉवेलचे गठ्ठे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून ट्रान्सपोर्टला टाकायला वडिलांनी घेतलेली. चार सिलिंडरचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन, सगळा कारभार मेकॅनिकल, कॉम्प्युटरचा पत्ता नाही, म्हणून तर घरी हात घालता येतो. आरटीओचं फिटनेस जवळ आलेलं, धूर काळा, आणि पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून खट्ट. गॅरेजवाल्यानं बोनेट न उघडताच "इंजिन उतरवावं लागेल" असं सांगितलं. मी गाडी घरासमोर बोळात लावली, चाकांना दगड लावले आणि पाने काढले.

धुराचं काम शनिवारीच उरकलं होतं. इंजिन चालू ठेवून, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा सैल करायचा. सिलिंडर काम करत असेल तर इंजिन लगेच अडखळतं. सैल करूनही आवाजात काही फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच फुकटचं डिझेल पीत बसलाय असं समजायचं. तिसरा निघाला. नोझल पंपवाल्याकडं नेऊन मशीनवर लावलं तर फवारा सोडायच्या ऐवजी थेंब थेंब गळत होतं. तिथली टीप बदलली, बसवताना खाली नवा तांब्याचा वायसर घातला. गाडीनं एअर घेतलेली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरलेली, ती फिल्टरवरचा हातपंप मारून काढली. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. शेवटी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक नोझलवर टेकवून मूठ कानाला लावली. चारही सारख्या ठोक्यानं टकटकत होते.

"कानात स्क्रू ड्रायव्हर घालून काय करलालास बे?" समोरचे आप्पा.

आप्पांबद्दल सांगायलाच पाहिजे. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मिल बंद पडली, पण आप्पांच्या जॉबरकीला अजून कुणी टाळं लावलेलं नाही. बोळात कुणी साधी सायकल उलटी केली तरी आप्पा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन हजर. हात लावत नाहीत. देखरेख करतात. माझ्या हातात चौदाचा पाना असला की त्यांना सोळाचा पाहिजे असतो, सोळाचा घेतला की ते "आटे जातील बघ" म्हणतात. त्यांच्या मते मी शिकलेला असल्यामुळं माझे हात वाया गेलेत.

रविवारी क्रॉसचं काम, त्या खट्टसाठी. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं फिरत जाणारा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या सांध्यात हा क्रॉस असतो, चार टोकांना चार वाट्या, आणि प्रत्येक वाटीत आतल्या कडेनं बारीक सुयांची बेअरिंग, पोलादी काड्या, ग्रीसनं चिकटवून उभ्या केलेल्या. एक जरी सुई आडवी पडली तरी वाटी पूर्ण बसत नाही, आणि वाटी बसली नाही की लॉक लागत नाही. म्हणजे एका हातानं शाफ्ट वर धरायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर वाटी तोलायची, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मी नेमका या अवस्थेत असताना बोळात भंगारवाला आला.

हल्लीचे भंगारवाले ओरडत नाहीत. तीनचाकीवर भोंगा, त्यात टेप केलेला आवाज: "जुनी बॅटरी, फुटका कुलर, बंद पडलेला मिक्सर, पत्रा, डबा, लोखंडऽऽ." गाडी थांबते, भोंगा थांबत नाही.

"कितीला घेशील ही?" आप्पांचा आवाज.

मला वाटलं, त्यांचा कुलर असेल.

"आप्पा, ह्याच्यात लोखंड कमी, पत्राच लै. पत्र्याला भाव नाही. बावीसनं जमतंय."

"बावीस? बे, कमानपाटे बघ की खाली वाकून! असलं पोलाद आता येतंय का?"

भंगारवाला वाकला. माझी आणि त्याची नजरानजर झाली. तो सभ्य माणूस, त्यानं मान हलवून नमस्कार केला आणि कमानपाटे मोजले.

"आप्पा, गाडी विकायची नाही!" मी खालून ओरडलो.

"...फुटका कुलर, बंद पडलेला मिक्सर..."

"काय म्हणतोय त्यो?" आप्पांनी विचारलं.

"वाढवून मागतोय," भंगारवाला म्हणाला. "चला, चोवीस. इंजिन बिडाचं, बिडाचा भाव वेगळा लागतो, तरी सरसकट चोवीस. मालक कोण हिचा?"

"मालक खालीच आहे. पण त्याला व्यवहारातलं काय कळत नाही. तू माझ्याशी बोल."

मग वजन. आप्पा म्हणाले दीड टन. तो म्हणाला सीट, काच, टायर वजा. मागचे टायर नवे घातलेत, ते वजा कसे, यावर बराच वाद झाला. टाकीतलं डिझेल कुणाचं, हाही प्रश्न निघाला. आप्पांनी ते स्वतःकडं ठेवून घेतलं. हौद्याचा फाळका उघडून झाला, आपटून झाला. त्या आपटण्यानं माझ्या तोंडावर एकोणीस वर्षांची माती पडली.

"आणि हा खालचा माणूस?" भंगारवाल्यानं गमतीनं विचारलं.

"तो वजनात नाही," आप्पा म्हणाले. त्यानं गमतीनं विचारलं नव्हतं असं समजून.

मध्येच गाडी पाडायची कशी यावरून विषय चिमणीवर गेला. सोलापुरात पाडापाडीचं काही निघालं की ते चिमणीवर जातंच. होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी विमानाला आडवी येते म्हणून 15 जून 2023 ला पाडली, तेव्हा आप्पा कुठल्या गच्चीवर उभे होते, धुरळा किती उठला, भंगारवाल्याचा मेव्हणा कुठं होता, सगळं निघालं. खाली माझा दंड थरथरायला लागला होता. 2025 ला गोव्याचं विमानही सुरू झालं. आप्पा अजून एसटीनं अक्कलकोटपलीकडं गेलेले नाहीत, पण चिमणी पडली ती त्यांच्या देखरेखीखाली.

एवढ्यात बायको चहा घेऊन आली. सुटलो, असं वाटलं. तिनं कप बोनेटवर ठेवला, दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चोवीसनं दीड टनाचे म्हणजे छत्तीस हजार झाले ना हो?"

त्याच क्षणी पाठीला गार लागलं. रविवार आमचा पाण्याचा दिवस. आप्पा ओटा धुवायला पाइप लावून आले होते आणि व्यवहाराच्या भरात पाइप विसरले होते. आता हे बोललंच पाहिजे. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. तिथून शहरापर्यंत शंभरावर किलोमीटर पाइपलाइन आहे, ती कुठं ना कुठं फुटलेली असते, आणि मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत बायका टँकरमागं पळतात. ते पाणी एवढा प्रवास करून सोलापुरात येतं आणि माझ्या बनियनखालून गटारीत जातं. मी दचकलो, वाटी निसटली, आणि सुया पाण्यात.

बाहेर आलो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. आप्पांनी पाइप बंद केला आणि "सांगायचं की बे" म्हणाले.

सुया गोळा केल्या तर एक कमी. तेवढ्या एका सुईपायी अख्खा क्रॉस फुकट गेला असता. दुकानदार सुटी वाटी देत नाही, "फुल असेंब्ली घ्या" म्हणतो, आणि रविवारी तोही बंद. तेव्हा भंगारवाल्यानं खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं. लोखंड आहे की ॲल्युमिनियम ते बघायला हे लोक जवळ ठेवतात. गटारीच्या तोंडाशी चिखलातनं फिरवलं आणि सुई चिकटून वर आली. पँटीला पुसून त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली.

वाटी बसली, लॉक लागलं. स्टार्टर मारला. अर्ध्या सेल्फला गाडी उठली. भंगारवाल्यानं पहिल्यांदा भोंगा बंद केला, कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "नोझल केलं काय?" शनिवारपासून एवढं विचारणारा तो पहिलाच.

आप्पा तोवर केबिनमध्ये जाऊन बसले होते. "चालू झालीच आहे तर लेकीचं कपाट कुंभारीला टाकून येऊ." टाकून आलो. वाटेत त्यांनी तीनदा गिअर बदलायला सांगितला आणि लेकीकडं, "मी बसून करून घेतली गाडी," म्हणून दाखवली. खट्ट बंद झालं होतं, हे मात्र त्यांना ऐकूच आलं नाही.

सोमवारी पीयूसीला नेली. आमच्या वयाच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 एचएसयू (धुराच्या काळेपणाचं माप), नंतरच्या कडक नियमांच्या बीएस-4 वाल्यांना 50. मला बघायचं होतं पन्नासात बसते का. पीयूसीवाल्यानं नंबरप्लेटचा फोटो काढला आणि कागद छापायला घेतला. म्हटलं, "नळी तरी घाला सायलेन्सरमध्ये." तो म्हणाला, "कशाला साहेब, पास केलंय की." गाडी आठ वर्षांची झाल्यापासून दरवर्षी फिटनेस, वर पर्यावरण कर, जुनी गाडी धूर करते म्हणून, आणि धूर आहे की नाही हे बघायला नळी कुणी घालायची नाही. वय तेवढं विचारायचं. मी भांडून नळी घालायला लावली असती, पण मागं रिक्षांची रांग होती आणि रिक्षावाले "ओ मामा, घ्या की फुकटात" म्हणून हॉर्न मारत होते.

आता तर फोन यायला लागलेत. आप्पांनी चहाच्या गाड्यावर कुणाकुणाला काय सांगितलंय देव जाणे. परवा एकाचा आला, शेळगीतनं.

"गाडी किलोवर देणार का नुसतं इंजिन?"

"गाडी द्यायची नाही. चालू आहे, रोज माल टाकतोय."

तिकडं जरा विचार झाला. "बरं," तो म्हणाला, "मग चेसिस सडलंय का?"