रात्र थोडी, लेयर फार

शाळेत माझ्या चित्रांत कायम सकाळ असायची. दोन डोंगर, त्यांच्या बेचक्यातून डोकावणारा सूर्य, त्याला कंगव्याच्या दातांसारखे किरण, खाली वळण घेत येणारी नदी आणि वर मराठी चारच्या आकड्यासारखे पाच-सहा पक्षी. रात्र मी कधी काढली नाही. काळा खडू लवकर झिजतो, एवढंच त्यामागचं कारण. कॉम्प्युटरवर काळा रंग कितीही वापरला तरी संपत नाही हे कळलं, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी रात्र काढायला बसलो.

निमित्त झालं एका व्हिडिओचं. ‘नवशिक्यांसाठी साधं रात्रीचं दृश्य, फक्त वीस मिनिटांत!’ व्हिडिओ खरोखरच वीस मिनिटांचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. तो आठपट वेगाने पळवलेला आहे हे कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत लिहिलं होतं. ते मला तिसऱ्या दिवशी दिसलं.

मुलीने वापरून कंटाळून बाजूला ठेवलेला ग्राफिक टॅब्लेट घरात होता. टॅब्लेट म्हणजे एक काळी पाटी आणि एक पेन. या पाटीवर पेनाने लिहिलं की पाटीवर काहीच उमटत नाही, उमटतं ते समोरच्या पडद्यावर. म्हणजे हात एका गावाला, डोळे दुसऱ्या गावाला. पहिली दहा मिनिटं मी पाटीकडेच बघत होतो आणि पेन बिघडलंय असं सगळ्यांना सांगत होतो. खोक्यावर छापलं होतं की हे पेन दाबाच्या ८१९२ पातळ्या ओळखतं. ओळखत असेल. माझ्या हाताला त्यातल्या दोनच येतात : काहीच नाही, आणि भोक.

कागद घेतला ए-फोर, तीनशे डीपीआयचा (इंचाला तीनशे ठिपके), आडवा. म्हणजे ३५०८ गुणिले २४८० पिक्सेल, जवळजवळ सत्याऐंशी लाख ठिपके. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता भरले तरी शंभर दिवस लागतील. मी बादलीचं चित्र दाबलं आणि एका टिचकीत सगळे काळे केले. रात्र झाली. वीस मिनिटांतलं अर्धंच मिनिट गेलं होतं. उरलेल्या साडेएकोणीस मिनिटांत लोक काय करतात, असा प्रश्न मला पडला.

तेवढ्यात व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, ‘आणि हो, शुद्ध काळा रंग चुकूनही वापरू नका.’

रात्र काळी नसते म्हणे. आकाश गडद निळं असतं, वर जास्त गडद, क्षितिजाशी फिकट. लांबचे डोंगर जवळच्यांपेक्षा उजळ, कारण मध्ये हवा असते. आणि मी नदीकाठच्या झोपडीला हौसेने जे लालभडक छप्पर दिलं होतं, ते तर साफ चूक. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्याला लाल रंग लवकर दिसेनासा होतो आणि निळा-हिरवा तग धरून राहतो. एकोणिसाव्या शतकात पुरकिन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं होतं. दिवसा झगझगीत दिसणारी लाल फुलं संधिप्रकाशात पानांपेक्षाही काळवंडतात, हे त्याने टिपून ठेवलं. मी बेचाळीस वर्षं रोज रात्र बघतोय, माझ्या काही लक्षात आलं नाही. छप्पर निळं केलं. आता झोपडीला ताडपत्री घातल्यासारखी दिसते.

मग वरून खाली गडद ते फिकट असा रंग ओढला. त्याला ग्रेडियंट म्हणतात. आकाशात पट्टे उमटले. गुळगुळीत आकाशाऐवजी जिन्याच्या पायऱ्या. मला वाटलं पडदा गेला. मुलगी आली, नाक पडद्याला लावून म्हणाली, “बाबा, हे बँडिंग आहे. गडद रंगात होतंच.” त्याचा हिशोब असा : नेहमीच्या आठ-बिटी चित्रात लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी २५६ पायऱ्या. त्यातला रात्रीच्या वाट्याला येतो फक्त तळमजला. माझा निळा रंग दहापासून चाळीसपर्यंत चढत होता, म्हणजे तीस पायऱ्या, आणि त्या पसरायच्या होत्या पंधराशे पिक्सेल उंचीच्या आकाशावर. एकेक पायरी पन्नास पिक्सेलची झाली तर दिसणार नाही का? उपाय म्हणजे आकाशावर थोडा नॉइझ टाकायचा, म्हणजे बारीक दाणे पेरायचे. स्वच्छ आकाश दिसावं म्हणून ते मुद्दाम खराब करायचं. केलं. आणि गंमत म्हणजे दिसलं.

इथपर्यंतचं सगळं सुसह्य होतं. नंतर लेयर आले.

लेयर म्हणजे थर. पूर्वी कार्टूनपट करणारे पारदर्शक सेल्युलॉइडच्या पानांवर पात्रं काढायचे आणि ती पानं मागच्या देखाव्यावर ठेवायचे, तसंच. आकाश एका पानावर, डोंगर दुसऱ्या, झाड तिसऱ्या. झाड चुकलं तर झाडच पुसायचं, डोंगराला धक्का नाही. फोटोशॉपमध्ये ही सोय आली १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एकदा चिकटवलं की चिकटलं. आमच्या शाळेच्या कागदासारखंच की! सूर्य वाकडा आला तर सूर्य वाकडाच, बाईंना दाखवून मोकळं व्हायचं. आता तसं नाही. आता प्रत्येक गोष्ट कधीही सुधारता येते, म्हणून एकही गोष्ट कधीच संपत नाही. माझ्या शाळेतल्या नदीला चार मिनिटं लागायची. या नदीने मंगळवार आणि बुधवार खाल्ला.

शिवाय तुम्ही नेमके कोणत्या पानावर आहात हे लक्षात ठेवावं लागतं. मला ते जमत नाही. मी तासभर मन लावून गवत काढलं, पातं न् पातं. मग डोंगर जरा डावीकडे सरकवला, तर त्याच्याबरोबर गवतही चालू लागलं. चांदण्या काढल्या त्या झाडाच्या लेयरवर. झाड हलवलं की नक्षत्रं हलायची. एकदा तर मी ब्रश फिरवतोय, फिरवतोय आणि काहीच उमटत नाही. दाब वाढवला, पेन झटकलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. प्रत्येक लेयरच्या शेजारी एक डोळ्याचं चित्र असतं. डोळा उघडा तर लेयर दिसतो, मिटला तर दिसत नाही. मी मिटलेल्या डोळ्याच्या लेयरवर पाऊण तास ढग काढत होतो. डोळा उघडल्यावर पाऊण तासाचे सगळे ढग एकदम आले. इतकं आभाळ मी खऱ्या आयुष्यातही एका वेळी पाहिलेलं नाही.

लेयर एकमेकांत कसे मिसळावेत यासाठी मोड असतात. त्यातला ‘मल्टिप्लाय’ निवडला की चित्र गडद होतं. गुणाकाराने वाढायला हवं, इथे अंधार कसा पडतो? तर रंगांच्या किमती शून्य ते एकच्या मध्ये धरतात आणि अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणलं की उत्तर घटतं. अर्धा गुणिले अर्धा, पाव. सहावीत हे गणित चुकल्याबद्दल मी बाकावर उभा राहिलो होतो. ते पुन्हा भेटेल, आणि तेही चित्रकलेत, असं वाटलं नव्हतं. मी सावलीचे पाच लेयर मल्टिप्लाय करून एकावर एक ठेवले आणि सगळी दरी गिळंकृत झाली. ‘स्क्रीन’ नावाचा मोड उलटं करतो, म्हणून तो लावला. धुकं आलं. मी धुकं राहू दिलं. धुक्याखाली बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात, हा चित्रकलेतला मला गवसलेला एकमेव मूलमंत्र.

ब्रशबद्दल मात्र मी चांगलंच बोलणार. मी वापरलं ते क्रिटा, फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर, आणि त्यात ब्रश इतके येतात की निवडण्यातच एक संध्याकाळ आनंदात गेली. पानांचा ब्रश आहे, गवताचा आहे, ढगाचा आहे, शिंतोड्यांचा आहे. शिंतोड्यांच्या ब्रशने एका फटकाऱ्यात दोनशे तारे निघतात. त्यातले चाळीस डोंगराच्या अलीकडे पडतात ही गोष्ट वेगळी. त्यांना काजवे म्हटलं. पानांच्या ब्रशने झाडं काढली आणि घरात सगळ्यांना बोलावलं. बायको बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अहो, हे सगळं एकच झाड आहे का?” होतं खरं तसंच. शिक्का एक, झाडं अकरा. मुलीने चित्र आरशासारखं उलटं करायला सांगितलं, चुका म्हणे लगेच कळतात. उलटं केलं. अकराच्या अकरा झाडं एकाच बाजूला कलली होती, आणि त्यांच्याबरोबर झोपडीसुद्धा. मी चित्र तातडीने सुलटं केलं.

राहिला चंद्र. तो शेवटी ठेवला होता, सोपा म्हणून.

पहिला चंद्र मी कोरीचा काढला आणि कोरीच्या कुशीत एक चांदणी ठेवली. सुंदर दिसत होती. मुलगी म्हणाली, “बाबा, चंद्र गोलच असतो, उरलेला भाग नुसता अंधारात असतो. तुमची चांदणी चंद्राच्या पुढे आली की काय?” मी डोळा मिटला, लेयरचा.

दुसरा चंद्र शास्त्रशुद्ध काढायचा असं ठरवलं. आकाशात चंद्राची रुंदी असते साधारण अर्धा अंश. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्याआड दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील. क्षितिजाजवळ तो मोठा वाटतो तो निव्वळ भास. आता माझ्या चित्रात डावीकडून उजवीकडे साठ अंशांचा देखावा आहे असं धरलं, तर चंद्र भरतो रुंदीच्या एकशेविसाव्या भागाइतका. ३५०८ भागिले १२०, एकोणतीस पिक्सेल. काढला. बायकोने येऊन फडक्याने पडदा पुसला.

तिसरा चंद्र चिडून सहाशे पिक्सेलचा काढला आणि त्याला मऊ ब्रशने प्रभावळ दिली. आता दृश्य असं झालं की डोंगरामागून आगगाडी येतेय आणि झोपडी रुळांवर आहे.

चौथा जमला. आकार बेताचा, रंग किंचित पिवळट करडा. चंद्राचा पृष्ठभाग मुळात काळपटच. त्याच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी जेमतेम बारा टक्के तो परत पाठवतो, म्हणजे झिजलेल्या डांबरी रस्त्याची तऱ्हा. भोवती अंधार म्हणून तो पांढरा दिसतो. हे समजल्यावर मी चंद्र उजळण्याऐवजी आजूबाजूचं आकाश थोडं गडद केलं, आणि खरं सांगतो, तो एकदम पेटला. मी मागे सरकून दोन मिनिटं नुसता बघत बसलो. मग नदीत, बरोबर त्याच्या खाली, प्रतिबिंब काढलं, लाटांवर तुटत तुटत काठापर्यंत आलेलं. रात्रीचे दीड वाजले होते. खोलीतला दिवा बंद होता आणि पडद्याची ब्राइटनेस पूर्ण होती. त्या उजेडात माझं चित्र मला पहिल्यांदा आवडलं.

इथे थांबायला हवं होतं. पण मी सहाशे टक्के झूम करून डाव्या कोपऱ्यातल्या गवतावर दवबिंदू ठेवायला घेतले. कॉम्प्युटर धापा टाकत होता, त्रेचाळीस लेयर झाले होते. ओझं कमी करावं म्हणून मी नको असलेले लेयर काढायला लागलो. यादीत नावं होती ‘चंद्र’, ‘चंद्र नवा’, ‘चंद्र फायनल’ आणि ‘लेयर ३१ कॉपी २’. फायनल असं स्वच्छ लिहिलेलं असताना ते कोण काढणार? तेवढा ठेवून बाकीचे उडवले. समोर पडद्यावर दवबिंदूच होते, त्यामुळे आकाशात काय झालं हे दिसायचा प्रश्नच नव्हता. जेपेग काढून घेतलं. बंद करताना ‘बदल जतन करायचे का?’ असं विचारलं गेलं. दोन वाजता मला कोणी काहीही विचारलं तरी मी नको म्हणतो. घरच्या ग्रुपवर चित्र टाकलं, खाली लिहिलं ‘चांदणी रात्र’, आणि झोपलो.

सकाळी उन्हात फोन उघडला. मावशीने लिहिलं होतं, ‘फोटो नीट आला नाही रे, नुसता काळा चौकोन आलाय.’ मेहुण्याने लिहिलं होतं, ‘ब्राइटनेस फुल केली, आता एक झोपडी दिसतेय. ताडपत्री छान.’ आणि भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या काकांनी लिहिलं होतं, ‘पाण्यात चंद्राचं प्रतिबिंब आहे. वर चंद्र नाही. खुलासा करावा.’

मी फोन पांघरुणाच्या आत नेऊन बघितलं. आकाश होतं, चाळीस काजवे होते, नदीवर चंद्र झगमगत होता. वर, जिथे तो हवा होता तिथे, गडद निळ्या रंगावर मी स्वतः पेरलेले बारीक दाणे होते. ‘चंद्र फायनल’ म्हणजे तो आगगाडीचा दिवा होता, आणि त्याचा डोळा मिटलेला होता.

“ढगाआड आहे म्हणा,” बायकोने सुचवलं. लिहिलं. काकांचं उत्तर आलं, ‘मग पाण्यातही ढगाआडच हवा.’

मी थोडा विचार करून लिहिलं, ‘काका, चंद्र आत्ताच मावळलाय. पाण्याला अजून कळलेलं नाही.’

काका बराच वेळ टाइप करत होते. मग आलं, ‘चंद्रावरून प्रकाश यायला १.३ सेकंद. फार तर तेवढी सूट देतो.’