‘पंचविशीनंतर फायटिंग गेम संपला’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

फायटिंग गेमबद्दलचा, म्हणजे दोन खेळाडू पडद्यावर आपापली पात्रं एकमेकांशी लढवतात त्या व्हिडिओ गेमबद्दलचा, एक लांबलचक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. ‘स्पर्धेत उतरण्याआधी हे कटू सत्य वाचा’ असं त्याचं शीर्षक. मजकूर थोडक्यात असा: हा सगळा खेळ रिफ्लेक्सचा, पंचविशीनंतर हात मंदावतात आणि खेळाडू संपतो, म्हणून लहानपणापासून रोज बारा तास सराव करा. शिवाय बटणं बडवूनही जिंकता येतं, स्पर्धा म्हणजे शेवटी नशीब. नव्या गेममध्ये एका बटणावर सगळं होतं. ब्रॅकेट (कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता) आधीच ठरलेला असतो. हे खेळ मुलांना हिंसक बनवतात. आणि लिव्हरलेस (स्टिकऐवजी नुसती बटणं असलेला) कंट्रोलर ही राजरोस फसवणूक आहे.

माझा भाचा 26 वर्षांचा आहे. त्याने तो मेसेज मला पाठवून खाली विचारलं, ‘मामा, मग मी आता थांबू का?’ अशा प्रश्नाला एका ओळीत ‘नाही’ म्हणून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवातीलाच दिसणारी गोष्ट अशी की या मेसेजचे पहिले दोन मुद्देच एकमेकांना खोडतात. कोणीही बटणं बडवून जिंकू शकत असेल, तर विजेसारखे रिफ्लेक्स आणि बारा तासांचा सराव कशाला हवा? लिहिणाऱ्याला एवढंही जाणवलं नाही आणि पुढे पाठवणाऱ्यांनाही नाही.

‘सगळा खेळ रिफ्लेक्सचा, पंचविशीनंतर संपला’

सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत स्ट्रीट फायटर 5 हा पदकाचा खेळ होता. सुवर्णपदक मिळालं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूला. वय 44. अंतिम सामन्यात समोर होता तैवानचा ह्सियांग यू-लिन, म्हणजे ऑइल किंग, जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक. सामना 4-3 असा सुटला, म्हणजे सातव्या गेमपर्यंत ताणला गेला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस सात गेम दमदारपणे खेळून सुवर्णपदक नेतो, आणि हा मेसेज 26 वर्षांच्या मुलाला घरी बसायला सांगतो.

हा अपवाद वाटत असेल तर 2017 ची इव्हो, म्हणजे फायटिंग गेमची मोठी वार्षिक स्पर्धा, आठवा. स्ट्रीट फायटर 5 च्या ग्रँड फायनलमध्ये 18 वर्षांचा पंक विनर्स बाजूने (एकदाही न हरता) आला होता आणि 32 वर्षांचा टोकिडो लूझर्स बाजूने (एकदा हरून). टोकिडोने आधी ब्रॅकेट रिसेट केला, म्हणजे पंकलाही एकदा हरवून बरोबरी साधली, आणि मग जिंकला. पंक स्वतः इव्हो जिंकला तो 2024 साली, पंचविशी गाठल्यावर.

असं का होतं, ते आकड्यांतच कळतं. गेम सेकंदाला 60 फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. काही दिसल्यावर बोट हलायला निरोगी माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. त्यात स्क्रीनचा, कंट्रोलरचा आणि खुद्द गेमचा उशीर मिळवा. स्ट्रीट फायटर 6 मधले सगळ्यात वेगवान जॅब (हलके ठोसे) 4 फ्रेमचे आहेत, म्हणजे जेमतेम 67 मिलिसेकंद. तो जॅब ‘बघून’ अडवणारा माणूस कुठल्याच वयात सापडणार नाही, सोळाव्या वर्षीही नाही. तो येणार हे आधी ओळखावं लागतं.

वयाबरोबर प्रतिक्रिया थोडी मंदावते, एवढं मला मान्य करावं लागेल. पण विशीतल्या आणि चाळिशीतल्या निरोगी माणसातला हा फरक फ्रेममध्ये मोजला तर एखाद-दुसऱ्या फ्रेमचा भरतो. खरा फरक पडतो तो लक्ष कुठे आहे यावर. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा स्ट्रीट फायटर 6 मधला सावकाश पण जबर फटका समोरच्यापर्यंत पोहोचायला 26 फ्रेम लागतात, म्हणजे 430 मिलिसेकंदांच्या आसपास. ट्रेनिंग मोडमध्ये तो एकटा येत असेल तर पन्नाशीतला माणूसही आपला इम्पॅक्ट मारून परतवेल. सामन्यात मात्र त्याच क्षणी समोरचा उडी मारू शकतो, धावत येऊन थ्रो करू शकतो (पकडून आपटू शकतो), फायरबॉल टाकू शकतो किंवा नुसता मागे सरकू शकतो. डोक्यात जितक्या शक्यता, तितका उशीर. खेळाडू याला मेंटल स्टॅक म्हणतात. मुरलेला खेळाडू हा स्टॅक हलका ठेवतो. या अंतरावर, एवढा गेज (खास चालींसाठीची ऊर्जा) शिल्लक असताना, हे पात्र कामाच्या दोनच गोष्टी करू शकतं, हे त्याला ठाऊक असतं आणि तो त्या दोनांवरच नजर ठेवतो. चेंडू हातातून सुटल्यावर विचाराला वेळ नसतो म्हणून फलंदाज गोलंदाजाचं मनगट वाचतो, तसंच हे.

अँटी-एअरचंच, म्हणजे उडी मारून येणाऱ्याला हवेतच पाडण्याचंच घ्या, कारण नवखे खेळाडू ‘माझे रिफ्लेक्स कमी पडतात’ हे रडगाणं सगळ्यात जास्त इथेच गातात. समोरच्याची उडी चाळीसहून अधिक फ्रेम चालते. वेळ भरपूर असतो. तरीही शोर्यूकेन (वर उसळणारा ठोसा) निघत नाही, याची कारणं तीन. पहिलं, नजर स्वतःच्या पात्रावर असते. ती समोरच्याच्या पात्रावर, त्यातही त्याच्या डोक्याच्या वरच्या मोकळ्या जागेवर हवी. दुसरं, उडी सुरू होते तेव्हा आपण आधीच एखादं बटण दाबून बसलेलो असतो आणि ती चाल संपेपर्यंत काहीच करता येत नाही. म्हणून उडीच्या अंतरावर विनाकारण लांब किक मारत बसायचं नाही. तिसरं, पुढे, खाली, खाली-पुढे हा क्रम घाईत बिघडतो आणि पुढे-खाली-पुढे असा काहीतरी होऊन फायरबॉल निघतो. शेवटची दिशा खाली-पुढेच धरून पंच दाबला की हे टळतं. या तिन्हींवर उपाय सवयीचा आहे आणि तो चाळिशीतही लागू पडतो.

आता बारा तासांचा मुद्दा. या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. रोज बारा तास स्टिक धरणाऱ्याचं मनगट आणि अंगठ्याचे स्नायूबंध दुखायला लागतात, आणि बोटांत मुंग्या येत असताना, हात सुन्न पडत असताना ‘अजून थोडं’ म्हणत खेळणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. त्यापेक्षा अर्धा तास नेमका सराव करा. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला (सरावासाठीच्या प्रतिस्पर्ध्याला) तीन गोष्टी रेकॉर्ड करून द्या: पुढे उडी, ड्राइव्ह इम्पॅक्ट आणि नुसतं पुढे चालणं. तिन्ही रँडम लावा. उडीला अँटी-एअर, इम्पॅक्टला इम्पॅक्ट, आणि चालत आला तर काहीही दाबायचं नाही. हा तिसरा भाग सगळ्यात अवघड असतो, कारण रिकाम्या हाताला काहीतरी दाबायची ओढ असते. बरोबर उत्तरं सलग यायला लागली की चौथी चाल वाढवा. मग दोन-चार सामने खेळा, हरलेल्या सामन्याचा रिप्ले बघा आणि उठा. वेदना किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर डॉक्टरकडे जा.

‘बटणं बडवूनही जिंकता येतं’

दोन नवखे समोरासमोर असतील तर येतं, यात अर्धं सत्य आहे. त्यापलीकडे हा खेळ बडवणाऱ्याला शिक्षा करण्यासाठीच बांधलेला आहे. समजा माझा फटका तुम्ही ब्लॉक केला आणि त्यानंतर मी 2 फ्रेम पुढे आहे, म्हणजे तुमच्या 2 फ्रेम आधी हलू शकतो. माझा पुढचा फटका 5 फ्रेमचा आहे, म्हणजे तुमच्या हिशेबात तो तिसऱ्या फ्रेमला पोहोचतो. तुम्ही घाईने 4 फ्रेमचा जॅब मारलात तर तो चौथ्या फ्रेमला पोहोचणार होता. तुम्ही हरलात, तेही काउंटर हिट (स्वतःची चाल सुरू असतानाच बसलेला फटका) खाऊन: 20 टक्के जास्त नुकसान आणि मला आणखी 2 फ्रेमचा फायदा. याला फ्रेम ट्रॅप म्हणतात. तो शिकायला वेगवान बोटं लागत नाहीत, आकडे पाठ लागतात.

मेसेजमध्ये पुरावा म्हणून 2004 च्या इव्होचा तो प्रसिद्ध व्हिडिओ जोडलाय आणि खाली लिहिलंय, ‘बघा किती वेगाने बटणं दाबतोय’. ज्याने हे लिहिलं त्याने थर्ड स्ट्राइक, म्हणजे त्या व्हिडिओतला स्ट्रीट फायटर 3, कधी खेळलेला नाही. जस्टिन वाँगची चुन-ली सुपर (सलग फटक्यांची खास चाल) मारते. डायगो उमेहाराच्या केनचा जीव इतका कमी उरलेला असतो की नुसतं ब्लॉक केलं तरी झिजेने तो मरेल. म्हणून तो पंधराच्या पंधरा फटके पॅरी करतो. पॅरी म्हणजे फटका लागण्याच्या बेताला दिशा पुढे टेकवणं. ती आंधळेपणाने भराभर टेकवत राहिलं तर चुकलेल्या प्रयत्नानंतर काही काळ पॅरी लागतच नाही, म्हणजे बडवणारा दुसऱ्या-तिसऱ्या फटक्यालाच मेला असता. प्रत्येक टेकवणं त्या सुपरच्या ठेक्यात बसावं लागतं, आणि पहिलं तर सुपर डोळ्यांना दिसण्याआधीच, अंदाजाने द्यावं लागतं. शेवटची लाथ तो उडी मारून हवेत पॅरी करतो, कारण तिथून उतरतानाच पूर्ण कॉम्बो (एकातून एक जोडलेले फटके) लागतो. त्या काही सेकंदांत बोटांच्या वेगाचा वाटा नगण्य आहे, ठेका पाठ असण्याचा सगळा. आणि त्याच स्पर्धेचा अंतिम सामना डायगो हरला, हे तो व्हिडिओ फिरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

नशिबाबद्दल एवढंच: अर्सलान अ‍ॅशने टेकन या दुसऱ्या फायटिंग गेममध्ये इव्हो 2019, 2023 आणि 2024 साली जिंकली, त्यातली शेवटची तर नव्या टेकन 8 मध्ये. डबल एलिमिनेशनमध्ये एकदा हरलेल्याला लूझर्स ब्रॅकेटमधून परत यायची संधी असते आणि प्रत्येक सेट किमान तीनपैकी दोनचा असतो. एखादा गेम नशिबाने जातो. अख्खी स्पर्धा तीनदा जात नाही.

‘नव्या गेममध्ये एका बटणावर सगळं होतं’

स्ट्रीट फायटर 6 च्या मॉडर्न कंट्रोलबद्दल हे आहे. एका बटणावर शोर्यूकेन निघते आणि त्यामुळे अँटी-एअर खरोखर सोपं होतं, हे नाकारत नाही. त्याची किंमतही वसूल केली जाते: शॉर्टकटने मारलेल्या स्पेशलचं नुकसान 20 टक्क्यांनी घटतं आणि साध्या पंच-किकांपैकी कित्येक हातातून जातात. कुठल्या अंतरावर उभं राहायचं, हे बटण सांगत नाही.

‘ब्रॅकेट आधीच ठरलेला असतो’

सीडिंग (खेळाडूंचं मानांकन) ठरवलेलं असतं आणि ते उघडपणे ठरवलेलं असतं. मागच्या निकालांवरून बलाढ्य खेळाडू वेगवेगळ्या पूलमध्ये (गटांमध्ये) टाकतात, एकाच गावचे चार जण पहिल्याच फेरीत भिडू नयेत असं बघतात. हे माणसंच करतात, चुकतातही, आणि एखादा अनोळखी दादा खेळाडू तळाला पडून कोणाचा तरी पूल नरक करून टाकतो. तक्रार रास्त आहे. पण त्याला फिक्सिंग म्हणत नाहीत.

मेसेजमध्ये याच मुद्द्याखाली एक क्लिप आहे: सामना मधेच थांबतो आणि एकाला फुकटात राउंड मिळतो. ते ‘सेटिंग’ नाही. बहुतेक स्पर्धांचा नियम आहे की ज्याच्यामुळे पॉज झाला त्याचा राउंड जातो, कारण कॉम्बोच्या मध्ये आलेला पॉज समोरच्याचा ठेका मोडतो. म्हणून सामन्याआधी बटण चेक करतात, पॉजचं बटण सेटिंगमध्ये बंद करतात किंवा कंट्रोलरवरच लॉक करतात. वायरलेस पॅडने आणखी घोटाळा होतो: आधीचा खेळाडू पॅड अनपेअर न करता उठतो, बॅगेत त्याचं बटण दाबलं जातं आणि दुसऱ्याच दोघांच्या सामन्यावर मेनू उघडतो. उठताना पॅड अनपेअर करा, खेळताना केबल लावा.

‘मुलं हिंसक होतात’

या मेसेजमध्ये यासाठी एका अभ्यासाचंही नाव नाही, त्यामुळे उत्तर देण्याजोगं काही नाही. हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेऊन ‘गुड गेम्स’ म्हणायची या खेळातली रीत त्या लेखकाने एकदा जाऊन बघावी.

‘लिव्हरलेस म्हणजे फसवणूक’

इथे धूर आहे तर थोडी आगही होती. लिव्हरलेसमध्ये स्टिकच्या जागी चार दिशांची चार बटणं असतात. स्टिक एका वेळी एकाच बाजूला झुकते, पण बटणं मागे आणि पुढे दोन्ही एकदम दाबता येतात. गाइलसारख्या पात्राला सॉनिक बूम या फेकून मारायच्या चालीसाठी मागची दिशा काही वेळ धरून मग पुढे करावं लागतं. ‘मागे’ दाबून ठेवलेलं असतानाच ‘पुढे’ नोंदवणारा कंट्रोलर असेल, तर बूम सुटताक्षणी ‘पुढे’ सोडलं की हात आधीच मागे असतो. पुढचा चार्ज (ते मागे धरून ठेवणं) लगेच सुरू, वर ब्लॉकही तयार, कारण मागे धरणं म्हणजेच ब्लॉक. तो फायदा अन्यायाचाच होता.

म्हणूनच नियम आला. कॅपकॉमच्या स्ट्रीट फायटर 6 च्या अधिकृत स्पर्धांत मागे अधिक पुढे म्हणजे न्यूट्रल (कुठलीच दिशा नाही), आणि वर अधिक खाली म्हणजेही न्यूट्रल. एका बटणावर एकच इनपुट, टर्बो (बटण आपोआप पुन्हा पुन्हा दाबलं जाणं) आणि मॅक्रो (एका बटणात अनेक इनपुट) बंद. या नियमात बसणारं लिव्हरलेस वापरणं ही फसवणूक नाही, आणि मोठ्या स्पर्धांच्या टॉप 8 मध्ये पॅड, स्टिक आणि लिव्हरलेस तिन्ही दिसतात. स्पर्धेला जाण्याआधी आपल्या कंट्रोलरचा SOCD मोड, म्हणजे विरुद्ध दिशा एकदम दाबल्यावर काय नोंदवायचं ते ठरवणारी सेटिंग, न्यूट्रलवर आहे का ते ट्रेनिंग मोडच्या इनपुट डिस्प्लेवर बघा: मागे आणि पुढे एकदम दाबून कुठलाच बाण दिसायला नको. जुन्या फर्मवेअरमध्ये हे चुकीचं असू शकतं. आणि हातात पॅड असेल, अंगठा दुखत नसेल, तर नवा कंट्रोलर घेऊ नका. बदलल्यावर जुन्या सवयी हातातून जायला काही आठवडे लागतात आणि तेवढ्या वेळात दोन मॅचअप (एखाद्या ठरावीक पात्राविरुद्ध कसं खेळायचं ते) शिकून होतात.