बारमाही खरवस

दीडशे ग्रॅमला सत्तर रुपये. प्लास्टिकची डबी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘पारंपरिक गावरान खरवस’ आणि शेजारी एक गाय. ती हसतेय असं चित्रकाराला दाखवायचं असावं. मला ती डोळा मारताना दिसली. कालचीच गोष्ट आहे, डोकं अजून जागेवर आलेलं नाही.

पहिला चमचा तोंडात गेला आणि कळलंच. तुकडा जिभेवरून गुळगुळीत घसरला आणि दाताखाली येण्याआधीच भुगा होऊन नाहीसा झाला. खरवस असा पळून जात नाही. तो आधी दाताखाली दबतो, जरासा चिवटपणा करतो, मग तुटतो आणि तुटताना गोड पाणी सोडतो. डबीत होतं ते चायना ग्रास. म्हणजे समुद्रातलं शेवाळ, दुधाच्या पावडरीत शिजवून, पिवळं करून, जायफळाचा वास लावून विकायला ठेवलेलं.

सत्तर रुपयांसाठी तोंड कशाला वाजवायचं, असं म्हणून मी निघणारच होतो. पण काउंटरच्या मागे पाटी दिसली: ‘ताजा खरवस, वर्षाचे ३६५ दिवस’. राहवलं नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “हा चिकाचा आहे का?”

त्याने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, “चिकू संपला. मँगो आहे.”

“चिकू नाही, चीक. गाय व्याल्यावरचं पहिलं दूध.”

“शुगर-फ्री पण आहे.”

“अरे, रोज कोणती गाय विते तुमच्याकडे?”

“थांबा, थांबा, थांबा,” मागून आवाज आला. अर्धी चड्डी, सँडलमध्ये मोजे, खांद्याला कुठल्याशा पतसंस्थेची कापडी पिशवी आणि दोन्ही हातांत दुधाची एकेक पिशवी. हे काका रांगेत माझ्या मागे होते आणि त्यांना घाई नव्हती. “तुमचा आक्षेप नेमका कशावर आहे? चवीवर का पाटीवर?”

“दोन्हीवर.”

“एकेक घेऊ. आधी पाटी. गाय वर्षातून किती वेळा विते?”

“एकदा. तेही सगळं जमून आलं तर.”

“झालं तर मग!” काकांनी दुधाच्या पिशव्या काउंटरवर ठेवल्या, पोराच्या कानावरचं पेन काढलं आणि माझंच बिल उलटं करून त्यावर लिहिलं: ३६५ गाई, भागिले ३६५ दिवस, बरोबर १. त्या एकाभोवती गोल काढला. “रोज एक. पाटी बरोबर आहे.”

मी चुकून विचारलं, “आणि लीप वर्षाला?”

“एक म्हैस ठेवायची,” काका म्हणाले. अजिबात न हसता.

मी सांगायला गेलो की काका, हे असं कॅलेंडरवर नसतं. गाय साधारण २८० दिवस गाभण असते. व्याल्यावर पुन्हा गाभण राहायला चार-पाच महिने जातात, चांगल्या गोठ्यातही दोन वितांमध्ये तेरा-चौदा महिने पडतात. म्हैस तर ३१० दिवस पोटात वागवते, आणि बहुतेक म्हशी पावसाळा ते दिवाळी आणि थोडं पुढे एवढ्यातच वितात. म्हणून तर खरवस श्रावण-भाद्रपदात जास्त दिसायचा आणि चैत्रात कोणी त्याचं नाव काढायचं नाही.

“चौदा महिने?” काकांनी डोळे मिटून गुणाकार केला. “मग सव्वाचारशे गाई धरा.” आणि ३६५ खोडून ४२५ लिहिलं. माघार घेतल्याची रेषही चेहऱ्यावर नाही.

“अहो, सव्वाचारशे गाई असत्या तर हा मालक पिशवीतलं दूध विकत बसला असता का?”

काकांनी काउंटरवरच्या आपल्या दोन पिशव्यांकडे पाहिलं. “ते वेगळं खातं आहे,” ते म्हणाले.

इथे मला जे बोलायचं होतं ते रांगेने बोलू दिलं नाही, म्हणून आता बोलतो. खरवस हा पदार्थ आहेच, पण त्याआधी ती बातमी असते. कोणाकडे तरी गाय व्याली. त्या घरून झाकलेली कासंडी किंवा तांब्या यायचा आणि तो रिकामा परत जायचा नाही, आत मूठभर तांदूळ नाहीतर साखर घालून जायचा. बऱ्याच गोठ्यांतून चीक विकायचा नसे, वाटायचा असे. मागून मिळायची ती वस्तू नव्हती. ‘दोन प्लेट खरवस’ अशी ऑर्डर देणं म्हणजे ‘दोन प्लेट बारसं’ म्हणण्यासारखं.

चिकात असं काय असतं? प्रथिनं. साध्या गाईच्या दुधात ती तीन-साडेतीन टक्के असतात, व्याल्यानंतरच्या पहिल्या धारेत चौदा टक्क्यांच्या आसपास. त्यातला मोठा वाटा वासराला रोगापासून वाचवणाऱ्या प्रतिपिंडांचा. ही प्रथिनं सत्तर-ऐंशी अंशांना अंड्याच्या पांढऱ्यासारखी आवळून घट्ट होतात, म्हणून चीक नुसत्या वाफेवर थिजतो. विरजण नको, काही नको. साधं दूध कितीही उकळा, साय धरेल, थिजणार नाही. आणि चीक पिशवीतून का येत नाही, तर याच गुणामुळे. डेअरीच्या तापवायच्या यंत्रात तो गेला तर आतच खरवस होईल. आपल्याकडच्या अन्न नियमांत दुधाची व्याख्याच ‘चीक नसलेलं’ अशी आहे. म्हणजे तो गोठ्यातूनच यायला हवा. आणि गोठे? मुंबईतले तबेले आरे कॉलनीकडे हलवायला १९४९ साली सुरुवात झाली, बाकीच्या शहरांनी आपापल्या सवडीने तेच केलं. गोठा गेला, कासंडी गेली, पाटी आली.

ज्यांना खरा चीक मिळतो त्यांचाही अर्धा वाया जातो, कारण प्रमाण. पहिल्या दिवसाचा चीक दाट असतो, गाईचा असेल तर चांगला पिवळा. एक वाटी चिकाला दोन वाट्या दूध तो सहज पेलतो. दुसऱ्या दिवसाच्याला एकास अर्धी, फार तर एक. तिसऱ्या दिवसाच्यात दूध घालायचंच नाही, तसाच लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. पण देणारा ‘पहिलाच आहे हो’ म्हणतो आणि तो तिसरा निघतो. म्हणून आधी वाटीत दोन चमचे मिश्रण घेऊन पाच-सात मिनिटं वाफवून बघायचं. रबरासारखं झालं तर दूध वाढवा, डळमळलं तर चीक. हे न करता सगळं पातेलं कुकरला लावणारे लोक मग फोन करून विचारतात, ‘आता याचं काय करू?’ खीर म्हणून प्या.

तीन वाट्या मिश्रणाला पाऊण वाटी चिरलेला गूळ. गूळ गार दुधातच विरघळवायचा. गरम करून घालायला गेलात तर चीक तिथेच फुटतो. पूर्ण विरघळला नाही तर तळाशी बसतो, मग वर फिका आणि खाली काळपट असा दुरंगी खरवस होतो. फडक्यातून गाळायचं, गुळात खडे आणि उसाची कुसं असतात. चिमूटभर मीठ, वेलची, वरून जायफळ. जायफळ जास्त झालं तर कडवट लागतं. भांड्यावर झाकण हवंच, नाहीतर कुकरच्या झाकणाचं पाणी टपकून वर देवीचे व्रण उठतात. शिट्टी काढून मध्यम आचेवर वीस मिनिटं. आच मोठी केली की मिश्रण आत उकळतं, भोकं पडतात, पाणी सुटतं आणि वडी चामड्यासारखी होते. आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. सगळ्यांत जास्त खरवस इथेच बिघडतो, भूक अनावर होऊन.

आता ज्या वाक्याने माझा स्वतःचाच घास अडकतो ते. चिकावर पहिला हक्क वासराचा. गाईच्या पोटात असताना त्याला आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि वासराचं आतडं ती जेमतेम पहिले चोवीस तास शोषून घेतं. पंचवीस-तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच-तीन लिटर तरी हवा, त्यातला पहिला घोट तासा-दोन तासांत. दुभत्या गाईला त्याहून जास्त चीक असतो, म्हणून शेजाऱ्यांना वाटायला उरायचा. आता शहरातून आधीच सांगून ठेवलेलं असतं, भाव बरा येतो, मग वासराच्या वाट्याला काय येतं कोण बघतो? त्यात खोंड झाला असेल तर बोलायलाच नको. म्हणून चीक महाग का मिळतो याची तक्रार मी करत नाही. खोटा स्वस्तात का मिळतो याचीही केली नसती, नाव दुसरं दिलं असतं तर. कंडेन्स्ड मिल्क, दूध आणि दही समसमान घेऊन वाफवलं की छान लागतं. फक्त त्याला खरवस म्हणू नका, बस.

तर काउंटरवर परत. काका दुसऱ्या मुद्द्यावर आले होते, चवीवर. त्यांनी माझ्या डबीतला एक चमचा, माझ्याच चमच्याने, न विचारता खाल्ला. डोळे मिटले. रांग थांबली. “लहानपणीचा!” ते म्हणाले. “अगदी लहानपणीचा!”

“काका, मागे वाचा. ४०६ म्हणजे अगर, चायना ग्रास. १०२ म्हणजे पिवळा रंग.”

“आमच्या लहानपणी नंबर नव्हते,” काका म्हणाले. त्यांनी दोन डब्या घेतल्या, नातवाला आवडतात म्हणून, आणि जाताना माझं बिलही घेऊन गेले. हिशोब त्यावर होता.

आता बिलाशिवाय पैसे परत मिळायचे नाहीत. मग पुरावा तयार करू म्हटलं. खरवसाची सोपी परीक्षा आहे: तुकडा वाटीत घेऊन तापवायचा. चीक एकदा थिजला की थिजला, कितीही तापवा, आकसेल पण वितळणार नाही. चायना ग्रास ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढे पाणी होतं. मक्याच्या पिठाचा संशय असेल तर गार तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, निळाकाळा झाला की पीठ. मी घरी जाऊन उरलेला तुकडा तापवला. मिनिटभरात वाटीत पिवळं दूध. ते बाटलीत भरून सकाळी पुन्हा काउंटरवर.

मुलाने बाटली उजेडाकडे धरून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइल चक्क खाली ठेवला आणि नवी डबी उचलून तिच्या तळावर बोट ठेवलं. बारीक अक्षरांत होतं: ‘गरम करू नये.’

“वाचत जा ना, काका,” तो म्हणाला.