पोटाला चुंबक बांधून एन्झाइम वाढत नाही

‘शास्त्रज्ञांनी एन्झाइम चुंबकाला जोडलं आणि ते दहापट वेगाने काम करू लागलं, आता ते कधीच संपत नाही. तुम्हीही जेवणानंतर पोटाला चुंबकाचा पट्टा बांधा, पचनाच्या गोळ्या सुटतील.’ हा मेसेज वाचून माझ्या मावशीने स्वादुपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी दिलेल्या एन्झाइमच्या, म्हणजे अन्न पचवणाऱ्या प्रथिनांच्या, कॅप्सूल चार दिवस घेतल्याच नाहीत. म्हणून लिहितेय.

आधी पट्टा. प्रयोगशाळेत एन्झाइम जोडतात ते लोहाच्या ऑक्साइडच्या नॅनोकणांवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवर. माझं रोजचं काम आहे हे. बाटलीत काळपट तपकिरी पाणी असतं. बाहेरून चुंबक टेकवला की थोड्याच वेळात कण त्या बाजूच्या काचेवर काळा डाग होऊन बसतात आणि पाणी नितळ होतं. ते ओतून घ्यायचं, कण धुवायचे, पुन्हा वापरायचे. चुंबक लागतो तो कण गोळा करायला, बस्स. मावशीच्या पोटातल्या लायपेजला, म्हणजे चरबी पचवणाऱ्या एन्झाइमला, असा कण चिकटलेलाच नाही, मग चुंबक ओढणार काय? आणि तिचं स्वादुपिंड लायपेज पुरेसं बनवतच नाही, हाच तर आजार आहे! कॅप्सूल सोडली की चरबी न पचता बाहेर पडते, वजन उतरतं, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत.

‘दहापट वेग’ म्हणाल, तर काही लायपेजेस योग्य पृष्ठभागावर बसली की त्यांच्या काम करणाऱ्या जागेवरचं झाकण उघडं राहतं आणि काम खरंच वाढतं. एवढं मान्य. पण अनेकदा उलटंच होतं. शेल्डन आणि व्हॅन पेल्ट या संशोधकांचा याच विषयावरचा २०१३ चा आढावा वाचा: वाहकावर, म्हणजे एन्झाइम ज्याला जोडतात त्या कणासारख्या पदार्थावर, बसवलेल्या एन्झाइममध्ये ९० ते ९९ टक्क्यांहून जास्त वजन वाहकाचंच असतं, त्यामुळे दर ग्रॅममागे काम घटतं. तरीही हे करतात, कारण एन्झाइम टिकतं आणि परत वापरता येतं.

‘कधीच संपत नाही’ हेही खोटं. दर धुण्याला थोडं सुटतं, थोडं निकामी होतं.

आणि मेसेज वाचून हा नवा शोध वाटतो? चुंबकीय लोह-ऑक्साइडवर कायमोट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम बसवल्याचा शोधनिबंध १९७३ चा आहे.

काल रात्री मावशीशेजारी बसून पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल घ्यायला लावली. तुमच्या घरात हा मेसेज आला असेल, तर कोणी गोळ्या थांबवल्यात का, ते आजच विचारा.